डीडीरेस्क्यू : बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कची प्रत काढणारे साधन

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क एकाएकी संथ होते, एक फोल्डर उघडायला मिनिटे लागू लागतात, किंवा ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा’ अशी सूचना पडद्यावर येते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी दुरुस्तीकडे जातो. माझ्या मते पहिले काम प्रत काढण्याचे आहे. जेवढे वाचता येईल तेवढे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. हे काम करणारी अनेक साधने आहेत. त्यांतील ‘ग्नू डीडीरेस्क्यू’ हे विनामूल्य साधन मी मन लावून वापरले असून, जिथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि डेटा परत मिळवून देणारी सुसज्ज प्रयोगशाळा शेकडो किलोमीटर दूर असते, अशा आपल्या मराठवाड्यात प्रत्येक शाळेच्या, ग्रंथालयाच्या आणि फोटो स्टुडिओच्या संगणक जाणणाऱ्या माणसाला ते यायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्या डिस्कसाठी ते वापरावे लागले ती अडीच इंची, एक टेराबाइटची, यूएसबीने जोडायची साधी डिस्क होती. परभणी जिल्ह्यातील चारठाणा आणि आसपासच्या गावांतील बारवा, मंदिरे आणि वीरगळ यांची आमच्या अभ्यासगटाने घेतलेली छायाचित्रे तिच्यात होती. त्याहून मोलाची होती ती वयस्क बायांच्या तोंडून ऐकून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या फाइलच्या नावातच गाव, गाणाऱ्या बाईचे नाव आणि तारीख लिहिलेली होती. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढे कोणते साधन निवडायचे हे बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरले.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला साधारण ५,४०० फेऱ्या या वेगाने फिरत असतात आणि वाचणारे हेड त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरच वर तरंगत असते. पृष्ठभागाचा एखादा भाग खराब झाला, की डिस्क तोच सेक्टर (माहिती साठवण्याचा सर्वांत लहान तुकडा) पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि त्या एका सेक्टरपायी संगणक कित्येक सेकंद अडकून पडतो. नेहमीच्या पद्धतीने फाइल कॉपी करायला गेलो तर कॉपी नेमकी तिथेच थांबते. आपण ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबतो, आणि आधीच थकलेले हेड त्याच जखमी जागेवर आणखी फिरवले जाते. दरम्यान डिस्कचा उरलेला चांगला भाग, जो पहिल्या काही तासांत सहज वाचता आला असता, तसाच राहून जातो.

प्रकृती किती बिघडली आहे हे डिस्क स्वतःच नोंदवून ठेवते. लिनक्सवरील ‘स्मार्टसीटीएल’ किंवा विंडोजवरील ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या साधनाने ‘स्मार्ट’ नावाची ती नोंद वाचता येते. क्रमांक ५ हा बदली दिलेल्या सेक्टरांचा, १९७ हा वाचता न आल्याने प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा आणि १९८ हा दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांचा असतो. या तिन्हींपुढे शून्याऐवजी वाढत जाणारे आकडे दिसले, तर दोष चकत्यांचा किंवा हेडचा आहे असे समजावे. वाढ फक्त १९९ मध्ये असेल, तर आधी केबल बदलून पाहावी. त्या क्रमांकाखाली डिस्क आणि तिला जोडणारे सर्किट यांच्यातील देवाणघेवाणीच्या चुका मोजल्या जातात, आणि एवढ्यावरच काम भागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आमच्या डिस्कमध्ये १९७ चा आकडा प्रत्येक वेळी जोडल्यावर वाढलेला दिसत होता.

शहरातील एका दुकानात आम्हाला सांगण्यात आले, “सर, चेकडिस्क चालवून देतो, नाही जमलं तर फॉरमॅट करून सॉफ्टवेअरने काढून देतो.” हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून त्यातला धोका स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. चेकडिस्क हे विंडोजमधील, फाइल-व्यवस्था (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही) सुसंगत करणारे साधन आहे आणि त्यासाठी ते डिस्कवर लिहिते. एखाद्या फोल्डरची नोंद खराब सेक्टरमुळे वाचता आली नाही, तर ते ती नोंद बिघडलेली समजून काढून टाकू शकते आणि मग फाइलींचे तुकडे नावाविना एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. पृष्ठभाग धड असलेल्या डिस्कवर चेकडिस्क उपयोगी पडते, यात शंका नाही. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर मात्र ते चालवू नये. डीडीरेस्क्यूच्या माहितीपुस्तिकेतही वाचनाच्या चुका दाखवणाऱ्या डिस्कवरील फाइल-व्यवस्था दुरुस्त करू नये, त्याने आणखी माहिती जाईल, असा इशारा आहे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जो उपाय लोक एकमेकांना सुचवतात, तोही टाळावा. बाहेर काढल्यावर आतल्या चकत्यांवर दव धरते आणि त्यावरून हेड फिरले की उरलेला पृष्ठभागही जातो.

डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिला असून २००४ पासून तो उपलब्ध आहे. फाइली आणि फोल्डर त्याला कळत नाहीत. डिस्क म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत एक सलग पट्टी, एवढेच त्याला ठाऊक असते, आणि त्या पट्टीची हुबेहूब प्रत दुसरीकडे उभी करणे एवढेच तो करतो. त्याचे खरे सामर्थ्य तो हे काम कोणत्या क्रमाने करतो त्यात आहे. पहिल्या फेरीत तो सोपे तेवढे उचलतो. अडथळा आला की थोडे पुढे उडी मारतो, पुन्हा अडथळा आला की आणखी मोठी उडी मारतो. पुढच्या फेरीत तो उलट दिशेने, शेवटाकडून येतो आणि मागे राहिलेल्या पट्ट्यांची दुसरी बाजू गाठतो. त्यानंतर खराब पट्ट्यांच्या कडा एकेक सेक्टर करून वाचतो, मग त्यांचा मधला भाग ‘खरवडतो’, म्हणजे तोही एकेक सेक्टर करून वाचून पाहतो, आणि सांगितले असेल तरच न वाचलेल्या सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न करतो. कापसाच्या पहिल्या वेचणीत पूर्ण फुटलेली बोंडे घरात येतात आणि अर्धवट उमललेली पुढच्या वेचणीवर सोडली जातात, तसाच हा क्रम आहे. डिस्क अर्ध्यात कायमची बंद पडली, तरी तोवर तिच्यातून जास्तीत जास्त निघालेले असते.

मला या साधनाबद्दल विशेष आदर वाटतो तो मॅपफाइलमुळे. काम सुरू असताना डीडीरेस्क्यू एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाची स्थिती लिहीत जातो. वाचून झालेल्या भागापुढे अधिकचिन्ह, अजून हात न लावलेल्या भागापुढे प्रश्नचिन्ह, वाचता न आलेल्या सेक्टरांपुढे उणेचिन्ह, अशी ती नोंद असते. ती ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवली जाते. त्यामुळे काम मध्येच तुटले, तर तीच आज्ञा त्याच मॅपफाइलसह पुन्हा द्यायची आणि काम जवळपास सोडले त्याच ठिकाणाहून पुढे चालू होते. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली आणि संध्याकाळी आली, वादळी पावसात रात्रभर गेली, तरी आधी वाचलेले पुन्हा वाचण्याचा ताण आजारी डिस्कवर पडत नाही. डेटा परत मिळवण्याचे दावे करणारी कित्येक सॉफ्टवेअरे आधी पूर्ण डिस्क तासन्‌तास धुंडाळतात, आणि त्यांतील अनेकांत तो शोध मध्येच तुटला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चांगल्या डिस्कवरून चुकून पुसलेल्या फाइली शोधायच्या असतील, तर ती पद्धत चालून जाते. शेवटचे तास मोजत असलेल्या डिस्कला ती झेपत नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना करतो, कारण ती मला कुठे ठळकपणे लिहिलेली आढळली नाही. बहुतेक जण पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही लिनक्स प्रणाली तात्पुरती सुरू करून त्यात डीडीरेस्क्यू चालवतात, आणि ते योग्यच आहे. पण अशा तात्पुरत्या उबुंटूचा डेस्कटॉप आणि ‘होम’ फोल्डर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. मॅपफाइल तिथे ठेवली तर वीज जाताच ती नाहीशी होते आणि सारा फायदाच निघून जातो. मॅपफाइल नेहमी प्रत जिथे उतरत आहे त्या चांगल्या डिस्कवर ठेवावी आणि अधूनमधून तिची एक नक्कल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. ही फाइल इतकी लहान असते की नक्कल घ्यायला क्षणभर पुरतो.

तयारीत आणखी काही गोष्टी येतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे, आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’ अशीच द्यायची असते. ‘डीडी_रेस्क्यू’ हा मध्ये अधोरेषा असलेला कार्यक्रम वेगळ्याच लेखकाचा आहे आणि त्याचे पर्यायही वेगळे आहेत, तेव्हा एकाच्या सूचना दुसऱ्याला लावू नयेत. प्रत उतरवण्याची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी असावी आणि ती फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पहिल्या फेरीसाठी ‘एन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे खरवडण्याचे कष्टाचे काम पुढे ढकलले जाते. त्यासोबत ‘डी’ हा पर्याय दिला की वाचन थेट डिस्कवरून होते. सोपे तेवढे हाती आल्यावर ‘एन’ काढून आणि ‘आर’ पर्यायाने दोन-तीन पुनर्प्रयत्न मागून पुढची फेरी चालवावी. चांगल्या स्थितीतील एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने पावणेतीन तासांत वाचून होते. खराब डिस्कला किती वेळ लागेल याचा हिशेब आधी करता येत नाही. पडद्यावर शेवटचे यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झाले हा आकडा दिसतो, त्यावर नजर ठेवावी. तो तासभर वाढतच राहिला, तर थांबून डिस्कला विश्रांती देणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

उष्णता हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत हे काम करू नये. आम्ही पहाटेची वेळ निवडली, डिस्क प्लास्टिकच्या कवचासह फरशीवर पंख्याखाली ठेवली आणि स्मार्टच्या नोंदीतील तापमान पाहत राहिलो. विजेच्या बाबतीत लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा सोयीचा ठरतो, कारण अडीच इंची डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते आणि लॅपटॉपची बॅटरी तिलाही सांभाळते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो, तिच्यासाठी यूपीएस हवाच. यूएसबी २ च्या जोडणीतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या जोडणीतून ९०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह अपेक्षित असतो, म्हणून आजारी डिस्क स्वस्त हबवर किंवा लांब केबलवर लावू नये. वीज कमी पडल्याने डिस्क मध्येच थांबते आणि ते लक्षण अगदी डिस्कच्या बिघाडासारखे दिसते.

या साधनाच्या उणिवाही सांगायला हव्यात. ते आज्ञा टाइप करून चालवावे लागते, बटणे आणि खिडक्या नाहीत, माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती वाचल्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे. आज्ञेत मूळ डिस्कचे नाव आधी आणि प्रतीचे नंतर येते. हा क्रम उलटला तर जी माहिती वाचवायची तिच्यावरच लिहिले जाईल. सुदैवाने ‘एफ’ हा पर्याय दिल्याशिवाय डीडीरेस्क्यू कोणत्याही डिस्कवर थेट लिहायला नकार देतो. म्हणून माझा आग्रह असा की, नवशिक्याने प्रत नेहमी एका मोठ्या फाइलमध्येच घ्यावी आणि ‘एफ’ला हातच लावू नये. दुसरी अडचण यूएसबीची आहे. डिस्क अडखळली की कवचातील यूएसबीचे सर्किट गोंधळते, डिस्क दिसेनाशी होते आणि काढून पुन्हा जोडल्यावर तिला वेगळेच नाव मिळते. काल ‘एसडीबी’ असलेली डिस्क आज ‘एसडीसी’ झालेली असू शकते. प्रत्येक वेळी आकारमान आणि अनुक्रमांक ताडून पाहावा, किंवा बदलत नाही असे ओळख-क्रमांकाचे नाव वापरावे. कवच उघडून आतली डिस्क थेट साटा केबलने जोडली तर वाचन अधिक स्थिर होते, हे खरे आहे. परंतु काही बनावटींत आतल्या पाटीवरच यूएसबीची जोडणी झाळलेली असते, तर काहींत कवचातील सर्किट पासवर्ड दिलेला नसतानाही सगळी माहिती सांकेतिक करून लिहिते. अशी डिस्क कवचाबाहेर काढली की निरर्थक आकड्यांखेरीज काही हाती लागत नाही. आमच्या डिस्कची बनावट नक्की कळत नव्हती, म्हणून आम्ही कवच उघडले नाही आणि मधूनमधून डिस्क काढून जोडण्याचा त्रास पत्करला.

डिस्क फिरतच नसेल, आतून ठराविक अंतराने खट-खट आवाज येत असेल, किंवा संगणकाला तिचे आकारमानच कळत नसेल, तर डीडीरेस्क्यू काही करू शकत नाही, आणि हट्टाने ते चालवू नये. खट-खट आवाज हा बहुधा हेड निकामी झाल्याचा असतो आणि प्रत्येक मिनिटागणिक चकत्यांवर ओरखडे पडण्याची शक्यता वाढते. अशी डिस्क ताबडतोब बंद करून पुण्या-मुंबईच्या स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. हेड बदलण्यासाठी जो ‘वर्ग १००’चा कक्ष लागतो, त्यात एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त असून चालत नाहीत. दुकानातील टेबलावर, रस्त्याच्या धुळीत, कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डिस्कचे झाकण उघडू लागला तर त्याचा हात धरून थांबवावे, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगतो.

आमच्या डिस्कमधून ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग वाचला गेला. ‘डीडीरेस्क्यूव्ह्यू’ नावाचे एक वेगळे छोटे साधन मॅपफाइल रंगीत चौकटींत दाखवते. त्यात हिरव्या पटावर विखुरलेले लाल ठिपके पाहिल्यावर नुकसान कुठे आणि किती, हे अभ्यासगटातील संगणक न जाणणाऱ्या ज्येष्ठांनाही एका नजरेत कळले. त्यानंतर प्रतीची आणखी एक नक्कल घेऊन ती फक्त वाचण्यापुरती जोडली. फोल्डर जसेच्या तसे उघडले आणि फाइलींची नावेही शाबूत निघाली.

नावांचे महत्त्व येथे समजते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांची ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही दोन साधने अशा कामात वारंवार सुचवली जातात आणि तीही विनामूल्य आहेत. टेस्टडिस्क हरवलेले पार्टिशन (डिस्कचा विभाग) आणि फाइल-व्यवस्थेचा आरंभ दुरुस्त करते. फोटोरेक मात्र फाइल-व्यवस्थेकडे पाहतच नाही. फाइलच्या सुरुवातीची ओळखीची खूण शोधून ते तिथून पुढचा भाग उचलते, त्यामुळे नावे आणि फोल्डर दोन्ही जातात. छायाचित्रांच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख-वेळ असते, तिच्या आधारे ती पुन्हा लावता येतात. ओव्यांच्या वेव्ह फाइलींत तसे काहीच नव्हते. कोणती ओवी कोणत्या गावची आणि कोणी गायिलेली, हे फक्त नावातच होते, आणि गाणाऱ्यांपैकी कित्येक जणी आता हयात नाहीत. फोटोरेक हा अखेरचा उपाय म्हणून जवळ असावा, पण पूर्ण प्रत निघाल्यावर आणि फाइल-व्यवस्था खरोखर उघडत नाही याची खात्री झाल्यावरच तो वापरावा.

उरलेल्या खराब सेक्टरांचा फटका नेमका कोणत्या फाइलींना बसला, हे शोधण्याची सोयही डीडीरेस्क्यूमध्ये आहे. भरण्याच्या पर्यायाने मॅपफाइलमधील उणेचिन्हाच्या सर्व जागी, अर्थात प्रतीच्या नकलेत, एखादा ठरावीक मजकूर लिहून घ्यायचा आणि मग तो मजकूर ज्या ज्या फाइलींत सापडेल त्यांची यादी करायची. आमच्या यादीत काही छायाचित्रे आणि काही ध्वनिमुद्रणे आली, आणि दोन्हींची स्थिती फार वेगळी निघाली. जेपेग छायाचित्रात माहिती दाबून बसवलेली असते, म्हणून एक सेक्टर गेला की तिथून खालचे चित्र सरकते किंवा रंग बदलते आणि निम्मे छायाचित्र वाया जाते. न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये ४४,१०० नमुने, १६ बिट आणि दोन वाहिन्या या हिशेबाने एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे ४,०९६ बाइटचा एक सेक्टर गेला तर सेकंदाचा जेमतेम त्रेचाळिसावा भाग जातो. ओवी ऐकताना तिथे बारीकसा ठोका ऐकू येतो, शब्द तुटत नाही. दीर्घकाळ जपायची ध्वनिमुद्रणे एमपी-३ ऐवजी वेव्हमध्ये ठेवण्याच्या आमच्या आग्रहाला यातून एक आणखी कारण मिळाले.

खराब झालेली छायाचित्रे ज्या बारवांची होती त्या जागेवर आहेत, त्यांची पावसाळ्यानंतर पाणी उतरले की नव्याने छायाचित्रे घेता येतील. ध्वनिमुद्रणांतील ठोके आम्ही पुसलेले नाहीत. ते कोणत्या फाइलमध्ये, कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला येतात हे सूचीत लिहिले आहे, आणि पुढे या डिस्कची एखादी जुनी नक्कल कोणाकडे सापडली तर त्याच मॅपफाइलच्या आधारे नेमके तेवढेच तुकडे तिच्यातून भरून घेता येतील, म्हणून ती फाइल सूचीसोबतच ठेवली आहे.